नावेचा रंग, गाडीचा रंग

अहिल्याबाई घाटापर्यंत गाडी जात नाही. गोदौलियाच्या पुढे गल्ल्या, पायऱ्या आणि माणसं. म्हणून आम्ही गाडी अलीकडे एका लॉजच्या बोळात लावली आणि पायी निघालो. दिवस कार्तिकातले होते. देवदीपावली जवळ आली की काशीत घाटांपासून बोळांपर्यंत रंगरंगोटीची धांदल उडते. होळकरांच्या वाड्याखालच्या पायऱ्यांवर निवांत बसून परतलो, तर आमच्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर पांढऱ्या-पिवळ्या शिंतोड्यांची नक्षी! शेजारच्या घराला परांची बांधून रंगकाम चाललं होतं.

रंगाऱ्याने ओशाळून लगेच थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पुढे केलं. संध्याकाळी घाटावर नाव रंगवणाऱ्या एका मल्लाहाला विचारलं, तर तो म्हणाला, "भइया, मिट्टी का तेल लगाइए, न छूटे तो ब्लेड से खुरच दीजिए." दोघंही आपापल्या अनुभवाचंच सांगत होते. नावेच्या लाकडावर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. खरवडलं तरी पुन्हा रंगवता येतं. गाडीचा मूळ रंग मात्र क्लिअर कोट नावाच्या पारदर्शक थराखाली असतो. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. गाडीची सगळी चमक त्याच्यातच असते. ब्लेडने किंवा थिनरने डाग निघेल, पण त्या जागी कायमचा ओरखडा नाहीतर मळकट ठिपका उरेल.

म्हणून आधी रंग ओळखा. भिंतीचा डिस्टेंपर किंवा इमल्शन पाण्यातलं असतं. डागावर शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं काही मिनिटं ठेवा. ताजा डाग फुगतो आणि बोटानेच सुटतो. आमचे पांढरे ठिपके असेच गेले. पिवळे हलले नाहीत. तो दरवाजा-खिडक्यांचा ऑइल पेंट होता. त्यावर मिनरल टर्पेंटाइन चालतं, पण ओतायचं नाही. मायक्रोफायबरच्या फडक्याच्या टोकाला थोडं घ्या, ठिपक्यावर दाबून धरा, हलकेच पुसा आणि ती जागा लगेच शॅम्पूने धुवा. आधी दाराच्या खालच्या कडेला करून बघा. मल्लाहाचं रॉकेलही या कामी अगदीच चुकीचं नाही. फक्त त्याचा तेलकटपणा मागे राहतो. हे सगळं सावलीत आणि पत्रा गार असताना करायचं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर द्रव क्षणात उडतो आणि नवाच डाग पडतो.

स्प्रेने रंगकाम चालू असेल तर ठिपके दिसतही नाहीत, नुसती खरखर लागते. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा, लगेच कळेल. त्यावर खरा उपाय क्ले बार. मळलेल्या कणकेसारखी ही वडी पत्रा ओला ठेवून, दाब न देता सरळ रेषेत फिरवायची. रंगाचे कण तिला चिकटून येतात. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्या. खडा अडकला की तीच ओरखडे काढते. क्ले फिरवल्यावर वॅक्सचा एक हात द्यावा लागतो, कारण जुनं वॅक्सही तिच्याबरोबर निघून जातं.

पुढच्या काचेवर मात्र ब्लेड चालतं, काच ओली करून आणि ब्लेड तिरकं धरून. हेडलाइटला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका. तिथे काच नसून पॉलिकार्बोनेट असतं. त्याला बारीक तडे जातात आणि ते धुरकट होतं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनाही हेच लागू.

महिनोन्महिने वाळलेला किंवा दोन डब्यांतलं मिसळून लावलेला पीयू रंग घरी निघत नाही. तिथे चांगला पेंटर २००० किंवा त्याहून बारीक नंबरचा पेपर ओला करून घासतो आणि बफिंग करतो. यात क्लिअर कोट थोडा झिजतोच, म्हणून तो किती उरलाय हे मीटरने मोजून घेणाऱ्याकडेच जा. बनारसमधल्या ओळखीच्या एका माणसाने तर सगळं बॉनेट पुन्हा रंगवायचा सल्ला दिला होता. तो ऐकू नका. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांवर भाजून पक्का करतात, गॅरेजमध्ये तेवढं तापमान देता येत नाही. आणि गाडीचा एखादा भाग आधीच गॅरेजमध्ये रंगवलेला असेल, तर त्यावर टर्पेंटाइनही जपूनच लावा.