माळावर चरणारी शेळी

आमच्या घरी पाच उस्मानाबादी शेळ्या आहेत. रंग काळाभोर. शेळी ५ महिन्यांनी विते, अन् या जातीला पुष्कळदा जुळी करडं होतात. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, शेळीचे मात्र जुनेच राहिले.

शेळीला गवतापेक्षा पाला जास्त आवडतो. ती मागच्या पायांवर उभी राहून बोरीबाभळी ओरबाडते. बाभळीच्या शेंगा तर हुडकून खाते. माळावर फिरून चरणाऱ्या बोकडाच्या अंगावर चरबी कमी धरते, मांस घट्ट भरते. बाजारात व्यापारी पाठीवर हात दाबून बघतो. आजा म्हणतो, चरलेल्या बोकडाच्या मटणाला चव असते.

गेल्या वर्षी पहिल्या पावसानंतर माळ हिरवागार झाला. मी करडांना पोटभर कोवळे गवत चारले. सकाळी आमचे सगळ्यांत गुबगुबीत करडू मरून पडले होते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हा आंत्रविषार. त्याचे जंतू आतड्यात असतातच. एकदम कोवळे हिरवे खाल्ले की ते वाढतात व विष तयार होते. चांगली भरलेली करडंच आधी दगावतात. पावसाळ्याआधी लस टोचायची असते, पहिल्या वेळी १५ दिवसांनी पुन्हा. आम्ही टोचली नव्हती.

आता आम्ही आधी वाळला कडबा टाकतो, मग थोडा वेळच सोडतो. दव वाळल्याशिवाय तर नेतच नाही. ओल्या गवतावर जंतांच्या बारीक अळ्या चढलेल्या असतात, त्या पोटात जातात.

मेलेल्या करडाचा जुळा भाऊ आता मोठा झालाय. त्याला दोन्ही वेळा लस टोचली. आखाडात मटणाला मागणी असते, तेव्हा आजा त्याला बाजारात नेणार आहे. मी बरोबर जाणार नाही.