पोट भरलेलं मांजरही शिकार करतं

मांजराला पोटभर खायला घातलं की ते पाखरांच्या वाटेला जात नाही, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. हा समज खोटा आहे. शिरढोणच्या आमच्या घरी तो खोटा ठरताना मी पाहिला आहे. म्हणून मांजर पाळणाऱ्यांना, त्यातही रानालगत राहणाऱ्यांना, काही गोष्टी सांगायच्या आहेत.

शिरढोण हे पनवेल तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गालगतचं गाव. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. याच रस्त्याने पुढे गेलं की कर्नाळा अभयारण्य लागतं. पक्ष्यांसाठी राखलेलं हे रान सुमारे बारा चौरस किलोमीटरचं, म्हणजे तसं लहानच. आजूबाजूच्या गावांतली झाडं, कुंपणं आणि ओढे हा त्या रानाचाच विस्तार आहे. बुलबुल जास्वंदीत घरटं करतो, शिंपी पानं शिवून त्यात अंडी घालतो, दयाळ भिंतीतलं भोक शोधतो. ही सगळी घरटी माणसाच्या हाताला येतील इतक्या उंचीवर असतात. जिथे माणसाचा हात पोचतो, तिथे मांजर सहज पोचतं.

आमच्याकडे मनी आली ती उंदरांमुळे. भाताची पोती कुरतडली जात होती, म्हणून मांजर हवं होतं. दोन वेळा दूधभात, अधूनमधून मासळी, असं तिचं व्यवस्थित चालायचं. तरीही ओट्यावर कधी सापसुरळी, कधी चिचुंद्री, कधी शिंप्याची पिसं दिसू लागली. पुष्कळदा ती शिकार खायचीही नाही, मारून तशीच टाकायची. वैशाखात परसातल्या घरट्यातून दयाळाची पिल्लं खाली उतरली. पिल्लं घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. काही दिवस ती जमिनीवर नाहीतर झुडपांत खालीच असतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. मनीने ती एकामागून एक उचलली. दयाळाची जोडी दिवसभर कुंपणावर बसून ओरडत होती.

यात मनीचा दोष नाही. मांजराच्या अंगात भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. समोर काही हललं की ते झेप घेतंच, पोट भरलेलं असो वा रिकामं. धान्याच्या कोठाराजवळ उंदीर जमायचे, त्यांच्यामागे रानमांजरं आली आणि माणसाजवळ राहिली, ती याच गुणामुळे. हजारो वर्षांत हा गुण फारसा बदललेला नाही.

आपल्याला दिसते ती शिकार थोडी असते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका शहरात पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. मांजरांनी मारलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा घरी आणला होता, बाकीचं तिथेच खाल्लं किंवा टाकून दिलं. म्हणजे ओट्यावर एक सापसुरळी दिसली, तर कुंपणापलीकडे आणखी काही मेलेली असणार. अमेरिकेतली मोकाट आणि पाळीव मांजरं मिळून वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी मांडला. त्यात मोकाट मांजरांचा वाटा मोठा होता. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजरं पोचली आणि तिथला छोटा, उडू न शकणारा रेन पक्षी काही वर्षांत जगातून नाहीसा झाला.

कोणी म्हणेल, हा तर निसर्गनियम आहे. पण रानातल्या शिकाऱ्याची संख्या भक्ष्यावर ठरते. भक्ष्य कमी झालं की शिकारीही कमी होतो. पाळीव मांजराला घरचा दूधभात असतो. पाखरं संपत आली तरी त्याची संख्या घटत नाही. ज्या वाडीत दहा घरी दहा मांजरं आहेत, तिथल्या झुडपांवर हा भार वर्षभर राहतो.

उंदरांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या घुशींपुढे मांजर फारसं जात नाही. न्यूयॉर्कमधल्या कचऱ्याच्या एका केंद्रात कॅमेरे लावून पाहिलं, तेव्हा ७९ दिवसांत मांजरांनी फक्त दोन मोठे उंदीर मारलेले आढळले. धान्य पत्र्याच्या पिंपात ठेवावं, भिंतीतली बिळं बुजवावीत, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नये. धामण आणि गव्हाणी घुबड दिसलं तर मारू नये. उंदरांवर खरा वचक त्यांचाच असतो.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, मांजर घरात ठेवा. कायमचं जमत नसेल तर निदान संध्याकाळपासून उजाडून ऊन वर येईपर्यंत, आणि चैत्रापासून पाऊस ओसरेपर्यंत जास्तीत जास्त वेळ. हाच बहुतेक पाखरांच्या विणीचा काळ. पावसाच्या तोंडावर रायगडचा जिल्हा पक्षी तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा हा पक्षी पुष्कळदा घरांच्या काचांवर आपटून खाली पडतो. थोडा वेळ सुन्न बसतो आणि सावरला की उडून जातो. तेवढ्या वेळात तिथे मांजर नसणं, यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.

दुसरी, मांजराला मांसाहारी, सकस खाणं द्या आणि रोज पाच-दहा मिनिटं त्याच्याशी खेळा. दोरीला पीस किंवा चिंधी बांधली तरी पुरे. इंग्लंडमधल्या २०२१च्या अभ्यासात मांसयुक्त खाण्याने घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी आणि खेळाने २५ टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घंटेने मात्र लक्षात येईल असा फरक पडला नाही. नुसत्या घंटेवर विसंबू नका. आम्ही मनीला संध्याकाळी आत घेऊन खेळवू लागलो, तशी ओट्यावरची शिकार बरीच कमी झाली.

तिसरी, नसबंदी. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. पशुवैद्यकांना विचारून वेळेत शस्त्रक्रिया करून घ्या. लसीही द्या, कारण पाळीव मांजरांचे काही रोग रानमांजरांपर्यंत पोचू शकतात.

चौथी, नकोशी पिल्लं रानाच्या कडेला किंवा महामार्गावर सोडू नका. त्यातली बरीच उपाशी मरतात आणि जगतात ती पाखरांवर जगतात. जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

पाचवी, मांजराच्या तोंडून पाखरू सुटलं तर ते ठीक दिसलं तरी सोडून देऊ नका. मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे दाताची बारीक जखमही जीव घेते. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून त्यात ठेवा, खोकं अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाखरू पाळायला मात्र ठेवू नका, वन्यजीव कायद्याने ते चालत नाही.

मांजर घरातलंच लेकरू असतं, त्याच्यावर माया करूनच हे सगळं करता येतं. घरात राहणारं मांजर गाडीखाली येत नाही, कुत्र्यांच्या तावडीत सापडत नाही आणि जास्त वर्षं जगतं. शिरढोण, चिंचवण, तारा आणि कर्नाळ्याभोवतीच्या सगळ्या गावांतल्या लोकांना माझी विनंती आहे. आज संध्याकाळी दिवेलागणीला आपलं मांजर आत घ्या आणि दार लावा.