हरिद्रायुक्त जैवविघटनशील वेष्टने आणि चूर्णकल्प

सांगली-माधवनगर परिसरातील वैद्यवर्गास हरिद्रेचे कृमिघ्न व व्रणरोपक गुण नव्याने सांगावयास नकोत. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. स्टार्च, जिलेटिन किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या पातळ पटलात हळदीतील कुर्क्युमिन मिसळून अन्नाची जैवविघटनशील वेष्टने करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. आपल्या फार्मसीत त्यांचा उपयोग कितपत, एवढाच येथे विचार करू.

कल्पना आपणास परकी नाही. फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर वाढावेत असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे, आणि कोकण-गोमंतकात पातोळ्या आजही हळदीच्या पानात उकडतात. कुर्क्युमिनयुक्त पटल जंतूंची वाढ रोखते. शिवाय मासळी कुजू लागताच सुटणाऱ्या क्षारधर्मी वायूंनी ते तांबूस होते. चुन्याच्या निवळीने हळद लाल होते हे जाणणाऱ्यास यात नवल वाटू नये.

खरी अडचण आर्द्रतेची आहे. स्टार्च व कायटोसानची पटले ओलावा शोषतात आणि आत जाऊ देतात. हरिपूरच्या पेवांत हळकुंडे वर्षानुवर्षे टिकत, ती कोरडेपणामुळे. २००५ च्या महापुरात पाणी शिरले आणि अनेक पेवे निकामी झाली. चूर्ण तर हळकुंडाहून कितीतरी नाजूक! शार्ङ्गधरांच्या मते ते दोन महिन्यांनी हीनवीर्य होते. शासकीय नियम मात्र त्यास दोन वर्षांची मुदत देतो. या दोहोंमधील अंतर सांभाळण्याचा मोठा भार वेष्टनावरच पडतो. लवणभास्करासारखे लवणयुक्त चूर्ण अशा पुडीत पावसाळ्यात गोळा झाल्यावाचून राहणार नाही.

दुसरे असे की, वेष्टनातील द्रव्य औषधात उतरल्यास लेबलावर नसलेला घटक रुग्णाच्या पोटात जाईल. जंतुघ्नत्व हाच ज्याचा गुण, ते द्रव्य आतील पदार्थाशी संपर्क ठेवणारच. प्रकाशाने कुर्क्युमिनचा ऱ्हास होतो, हेही ध्यानात असावे.

म्हणून लाडू, ताजी फळे अशा अल्पकाळ टिकणाऱ्या पथ्यपदार्थांसाठी ही वेष्टने अवश्य वापरून पाहावीत. चूर्णास तूर्त घट्ट झाकणाची काचेची बाटलीच बरी. कोणी विक्रेता नमुने घेऊन आलाच, तर आषाढात चूर्णाची एक पुडी वजन करून उघड्या फळीवर ठेवावी, महिन्याने पुन्हा तोलावी आणि मगच मागणी नोंदवावी.