एका दाखल्याच्या वीस झेरॉक्स : आरसा-साइटवरचे दुवे आणि गुगलमधला नंबर



डहाणू-तलासरीच्या आमच्या ग्रुपवर परवा एका बाईंचा घाबरलेला मेसेज आला. गंजाडचे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्यावर त्यांनी सुंदर पाठ लिहिलाय. एका साइटने त्याचा दुवा दिला. मग त्या साइटचीच कुणीतरी जशीच्या तशी नक्कल केली, एकदा नाही, वीसदा. अशा नकलांना आरसा-साइट म्हणतात. बाईंचा प्रश्न : "तोच दुवा वीस ठिकाणी दिसतोय, गुगल मला खाली ढकलेल का?"

नाही ढकलणार.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल उभं केलं, त्यामागची कल्पना अशी की दुवा म्हणजे शिफारस. आता एकाच शिफारसपत्राच्या वीस झेरॉक्स जोडल्या तर हेडसर ते एकच धरतील ना? गुगलही सारखी पानं एका गठ्ठ्यात बांधतं आणि त्यातलं एक मुख्य मानतं. वीसपट फायदा नाही, पण शिक्षाही नाही.

भीती आली कुठून? एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि दुवे विकत घेणाऱ्या साइट धडाधड खाली आल्या. पण सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन असे दुवे बहुतेक दुर्लक्षित करतो. दुवे नाकारण्याचं एक साधन गुगलने दिलंय, त्याला उगाच हात लावू नका. सर्च कन्सोलमध्ये कारवाईची नोटीस आली असेल किंवा दुवे आपणच विकत घेतले असतील, तरच ते वापरायचं. नाहीतर चांगले दुवेही आपल्याच हाताने जातात.

खरं नुकसान वेगळ्याच आरशाने केलं. आपल्यातले बरेच जण ब्लॉगस्पॉटवर लिहितात. २०१२ पासून भारतात तोच ब्लॉग 'डॉट इन'ने उघडू लागला, मूळ पत्ता 'डॉट कॉम'. म्हणजे एका पाठाचे दोन पत्ते! तरी नंबराला धक्का नाही, कारण मूळ पत्ता कुठला हे सांगणारी खूण (कॅनॉनिकल टॅग) पानातच असायची. २०२० मध्ये मात्र 'डॉट इन' हे डोमेन गुगलच्या हातून गेलं आणि ते दुवे मेले. पालकांना पाठवलेले, कार्यपत्रिकेवर छापलेले, सगळे.

तेव्हा बाई, आरसे मोजू नका. आपल्या पाठातले जुने दुवे उघडून बघा. 'डॉट इन' दिसलं की 'डॉट कॉम' करा, बाकीचा पत्ता तोच राहतो. कुणी आपला पाठच उचलून आपल्यावर नंबर काढला असेल तर गुगलकडे कॉपीराइटची तक्रार करता येते.

माझ्या चौथीच्या कार्यपत्रिकांचा जुना गठ्ठा अजून कपाटात आहे. त्यावरचं 'इन' खोडून 'कॉम' लिहायला यंदा मुलांनाच बसवलंय.