पाटपाण्याखालील जमीन व अमोनिया पचविणारे जंतु

पणदऱ्याच्या शिवारांत, विशेषतः ओढ्याकडील सखल पट्टींत, पावसाळा सरतां सरतां एक दृश्य वारंवार दिसतें. आडसाली ऊस पिवळा पडतो, वाढ खुंटते, आणि मालक युरियाची आणखी एक गोणी टाकून वर पाट सोडतो. आठ दिवस वाट पाहावी तों ऊस होता तसाच! मग खत भेसळीचें निघालें असा ठपका दुकानदारावर येतो. आमच्या मतें दोष बहुधा खताचा नसतो. खत पिकाच्या मुखीं घालणारे जे असंख्य मजूर जमिनींत राबत असतात, तेच त्या पट्टींत गुदमरलेले असतात.

युरिया जमिनींत पडला कीं थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो. शेणखत व पेंड हींही कुजून प्रथम अमोनियाच देतात. पुढें कांहीं जंतु त्या अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसरे जंतु नायट्राइटचें नायट्रेट. ऊस अमोनियाही घेतो हें खरें; पण पाण्याबरोबर सहज मुळांपर्यंत पोंचतें तें नायट्रेटच. हें काम सजीवांचें आहे, हें फ्रान्समध्यें श्लेसिंग व म्यून्ट्स यांनीं १८७७ सालीं दाखविलें. वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून त्यांनीं गटाराचें पाणी झिरपविलें. कांहीं दिवसांनीं खालून नायट्रेट येऊं लागलें, आणि क्लोरोफॉर्मची वाफ देतांच तें थांबलें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु निराळे करून दाखविले. अमोनिया पचविणारे आर्किया नांवाचे आणखी एक निराळे सूक्ष्मजीव आहेत, हें तर २००५ सालीं कळलें.

या जंतूंची पहिली गरज प्राणवायूची. १ किलो अमोनियारूपी नत्राचें नायट्रेट होण्यास सुमारें ४.५ किलो प्राणवायु खर्चतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत सुमारें २०.७ किलो नत्र असतें; म्हणजे एका गोणीमागें ९० किलोंहून अधिक प्राणवायु! हा सारा मातीच्या पोकळ्यांतूनच यावयाचा. पण पाण्यांतून प्राणवायु हवेच्या सुमारें दहा हजारपट मंद सरकतो. पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं दार बंद झालेंच. शिवाय अशा कोंडलेल्या जमिनींत दुसरे जंतु आधीं तयार झालेल्या नायट्रेटमधील प्राणवायु ओढून घेतात व नत्र वायुरूपानें उडून जातें. मुळेंही त्याच वेळीं गुदमरत असतात. ही दुसरी गोणी म्हणूनच दुहेरी तोट्याची.

उलट माती अगदीं कोरडी झाली तरीही जंतु निजतात. पोकळ्यांपैकीं सुमारें ६० टक्के पाण्यानें व बाकीच्या हवेनें भरलेल्या असाव्यात, असें प्रयोगांवरून दिसतें. आमच्या शेतकऱ्यांस हें नवें नाहीं; यासच ते वाफसा म्हणतात. प्रयोगशाळेनें आंकडा दिला, शब्द आपल्या घरचा होता.

क्षारांचा प्रश्न याहून बिकट. नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झालें, आणि १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हाणे यांस नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. अति पाणी, वर आलेली भूजलाची पातळी व निचऱ्याचा अभाव हीं त्रयी तेव्हांची, आणि आजचीही. क्षार वाढले कीं हे जंतु मंदावतात. चोपण जमिनींत मोकळा अमोनिया वाढून नायट्राइट पचविणारे दुसरे जंतु आधीं हटतात, व नायट्राइट साचून मुळांस बाधूं शकतें.

उष्णतेविषयीं थोडक्यांत: २५ ते ३५ अंशांत काम जोरांत, १० च्या खालीं फार मंद, ४० च्या वर उतरतें. वैशाखांतील उघड्या सरीपेक्षां पाचटाखालची माती त्यांस मानवते. आंबटपणाची भीति आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीस नाहीं. मात्र अशा जमिनीवर युरिया उघडा पसरला तर अमोनिया जंतूंच्या हातीं लागण्याआधींच उडतो. तो मातीआड करावा व हप्त्यांनीं द्यावा.

कोणी म्हणेल, २०१५ पासून देशांतील युरियास निंबोळीच्या तेलाचें आवरण याच जंतूंस आवरण्यासाठीं आहे, मग त्यांचा एवढा कळवळा कां? शंका रास्त आहे. नायट्रेट फार झपाट्यानें झालें तर पाण्याबरोबर वाहून विहिरींत उतरतें, म्हणून निंब त्यांची चाल थोडे दिवस धीमी करतो. पण चाल धीमी करणें निराळें आणि गळा दाबणें निराळें.

पुढची गोणी उघडण्यापूर्वीं पिवळ्या पट्टींत दोन फूट खड्डा घ्यावा. माती निळसर-करडी दिसली, कुजक्या अंड्याचा वास आला, अथवा खड्ड्यांत पाणी झिरपलें, तर खत थांबवून पाटाची पाळी लांबवावी व चर खोदावा. जमीन चोपण असल्यास जिप्समही निचरा झाल्यावरच घालावें. एकट्याचा चर शेजाऱ्याच्या बांधाशीं तुंबतो. म्हणून ओढ्यापर्यंतच्या सर्व खातेदारांनीं आधीं मिळून उतार मोजावा, आणि ओढ्यांतील गाळ व वेडी बाभूळ पहिल्या पावसापूर्वीं काढून टाकावी.