काळजी कुठवर बरी?



कारंजा धरणाचं पाणी उतरलं की आपल्याला घोर लागतो. सोडलेलं बीज टिकेल का, हप्ता फिटेल का? ही काळजी कामाचीच. तिच्यामुळे आपण जाळं वेळेत सांधतो. काम उरकलं की ती निवते.

पण मासळी विकून पैसे हातात आले तरी छाती धडधडते, झोप येत नाही, पोरांवर उगाच राग निघतो, पाण्यावर जायचंच टाळावंसं वाटतं, तर समजा काळजी डोक्यावर बसली. असं सहा महिने, बहुतेक दिवस चाललं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. पण कामधंदा अडत असेल तर तेवढं थांबू नका. दारूनं रात्र निघते, सकाळी धडधड वाढते.

यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर २०२२पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठी-कन्नडमध्येही बोलता येतं. छातीत दुखलं तर मात्र आधी दवाखाना गाठा.

आणि सोबतचा गडी आठ दिवस धरणावर दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन या.