पूर्णेचे पाणी जाते कोठे?

अकोल्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरीने साडेसातशे ते आठशे मि. मी. आहे, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. पण एवढ्यावरून पूर्णेला पूर येईल की नाही हे सांगता येईल काय? मुळीच नाही. पुराच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा, किती वेळात आणि कसल्या जमिनीवर पडला, याला महत्त्व अधिक.

एक चौरस मीटर जागेवर १ मि. मी. पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी पडले. तेव्हा एक हेक्टर वावरावर ५० मि. मी. पावसाचे पाणी होते ५ लाख लिटर! यातील काही जमिनीत मुरते, काही वाफ होऊन जाते आणि उरलेले उतारावरून नाल्याला लागते. या वाहून जाणाऱ्या पाण्याला ‘अपधाव’ म्हणतात.

आता आपली वऱ्हाडची काळी जमीन पाहा. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा ५० मि. मी. पाऊस या भेगाच गिळून टाकतात. नाला कोरडाच राहतो. मात्र या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. ऑगस्टात चार दिवसांची झड लागली की भेगा मिटतात, आणि मग तासाला जेमतेम काही मि. मी. पाणीच आत शिरू शकते. अशा वेळी तोच ५० मि. मी. पाऊस तासाभरात कोसळला तर बहुतेक सारा वाहून जातो.

खात्री करायची आहे? बुडाला भोके पाडलेले दोन डबे घ्या. एकात काळ्या मातीची वाळलेली ढेकळे भरा; दुसऱ्यात तीच माती दोन दिवस भिजवून, दाबून भरा. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता आणि खाली काय येते ते पाहा.

पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेव येथे तापीला मिळते. उत्तरेकडून शहानूर, वाण या नद्या तिला मिळतात, तर दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा. चिखलदऱ्यास अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. तेथील पाणी तीव्र उतारावरून झपाट्याने खाली येते, पण खोऱ्याचा तळ सपाट असल्याने पुढे संथ होते. पूर्णा तुडुंब असली म्हणजे उपनद्यांचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते मागे तुंबते आणि काठच्या शेतांत पसरते. आकाश निरभ्र असतानाही मैदानातल्या गावांना पूर दिसतो, तो यामुळे.

जुलै २०२१ मध्ये अकोला शहरात एका रात्रीत सुमारे २०० मि. मी. पाऊस झाला. वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा! मोर्णाकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. शहरात तर सिमेंट आणि डांबर. भेगांचीही सोय नाही. समजा, १०० चौ. कि. मी. पाणलोटावर १०० मि. मी. पाऊस पडला आणि त्यातील निम्मा वाहिला, तर ५० लाख घनमीटर पाणी झाले. ते दहा तासांत जायचे तर नदीतून दर सेकंदाला सुमारे १४० घनमीटर पाणी वाहिले पाहिजे. मोर्णेसारख्या नदीचे पात्र गाळाने आणि अतिक्रमणाने अरुंद झाले असेल, तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

बरे, हे पाणी वाहून गेले तर बिघडले कोठे? पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी इतके खारट, की ते पिण्यास चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. पुराचे पाणी मात्र गोडे असते. ते खाली मुरून खाऱ्या पाण्यात मिसळले तर तेही खारट होण्याचा संभव. म्हणूनच या पट्ट्यात विहिरीपेक्षा शेततळ्याला मोल अधिक: पावसाचे गोडे पाणी वरच्या वर अडवायचे आणि पीक सुकू लागले की एखादे ओलित द्यायचे. गंमत अशी, की पुराला कारण होणारी चिकण काळी माती येथे उपयोगी पडते. ती फुगली की तळ्यातले पाणी सहजासहजी खाली झिरपू देत नाही.